जगदीशभाऊंची पारख

जळगावच्या एमआयडीसीत चटया विणणारे कारखाने बरेच आहेत. त्यातल्या एकात नोकरी हवी असेल तर आधी जगदीश भंगाळे यांच्या टेबलासमोर उभं राहावं लागे. कामगार त्यांना जगदीशभाऊ म्हणत, मालक भंगाळे म्हणत. मेहरूणमध्ये, त्यांच्या गल्लीत, त्यांची ओळख वेगळीच होती. पाच मिनिटांत माणूस ओळखणारा माणूस.

गल्लीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं की मुलाकडचे यायच्या वेळी जगदीशभाऊंना कोपऱ्यातल्या खुर्चीत नेऊन बसवत. ते फार बोलत नसत. पाहुणे गेले की सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत. "हरकत नाही," म्हणाले तर बोलणी पुढे सरकत, आणि नुसते ओठ मुडपले तर पत्रिका जुळत नाही असं कळवलं जाई. एकदा त्यांच्या बायकोने, पुष्पाबाईंनी, चारचौघांत विचारलं होतं, "मला बघायला आलात तेव्हा काय ओळखलं होतंत?" सगळे खो खो हसले. जगदीशभाऊही हसले, पण उत्तर त्यांनी दिलं नव्हतं.

ते मूळ पहूरचे. वडील बाजारात मापाडी होते. पोत्याला नुसता हात लावून "अठ्ठ्याण्णव किलो" म्हणायचे, आणि काट्यावर अठ्ठ्याण्णवच भरायचं. लहानपणी जगदीश ते बघत उभा राहायचा. आपल्या घराण्यात अंदाज आहे, तो रक्तातून येतो, अशी त्याची खात्री तिथेच झाली. बापाने धान्य जोखलं, आपण माणसं जोखतो, एवढाच काय तो फरक.

माणूस जोखायची त्यांची रीत ठरलेली होती. उमेदवाराला आधी वीस मिनिटं बाहेर बाकावर बसवायचं. मग आत बोलावून खुर्ची न दाखवता नाव-गाव विचारायचं आणि त्याच्या डोळ्यांकडे बघत राहायचं. "जो नजरेला नजर देत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं," हे त्यांचं वाक्य कारखान्यात पाठ होतं. माणूस गेला की पिवळ्या कार्डावर एक ओळ लिहायची. 'चलाख, टिकेल.' 'बडबड्या, नको.' 'घरचा चांगला.' बावीस वर्षांची अशी कार्डं त्यांनी पत्र्याच्या पेटीत वर्षवार लावून ठेवली होती. त्या पेटीचा त्यांना अभिमान होता.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी माणसांच्या कामासाठी नवीन बाई आणल्या. ज्योत्स्ना देवरे, धुळ्याच्या, वय तेहतीस. जगदीशभाऊंची निवृत्ती जवळ आली होती, त्यांच्यानंतरची सोय म्हणून. पहिल्याच महिन्यात लूमसाठी दोन फिटर घ्यायचे होते. बाईंनी एक कागद पुढे ठेवला. प्रत्येकाला तेच पाच प्रश्न विचारायचे. मग लूमवर नेऊन प्रत्यक्ष काम बघायचं. आपण तिघांनी, म्हणजे त्या, जगदीशभाऊ आणि लूम मास्टर नवल यांनी, आपापले गुण आधी लिहायचे आणि मगच एकमेकांशी बोलायचं.

"आधी लिहायचं कशाला?" जगदीशभाऊंनी विचारलं.

"भाऊ, तुम्ही आधी बोललात तर नवलदादा त्यांचं मत बदलतील. मीसुद्धा बदलीन. मग तीन डोक्यांचा काय उपयोग? एकच डोकं तीन खुर्च्यांवर बसल्यासारखं होईल."

नवल हसू दाबत खाली बघू लागला. जगदीशभाऊंना ते झोंबलं. ते म्हणाले, "मॅडम, बावीस वर्षं मी माणसं घेतलीत. हातच्या काकणाला आरसा कशाला? माझी पेटी घ्या. एकेक कार्ड काढा आणि बघा माझं किती चुकलंय ते."

हे त्यांनी रागात म्हटलं होतं, घासाघीस संपवायला. पण ज्योत्स्नाबाईंनी खरंच पेटी नेली.

दीड महिना त्यांनी काही विचारलं नाही. कार्डावरचं नाव घ्यायचं, हजेरीच्या जुन्या नोंदी काढायच्या, माणूस किती टिकला, कसा निघाला, हे बघायचं, असं त्यांचं चाललं होतं. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत त्या पेटी घेऊन जगदीशभाऊंच्या खोलीत आल्या आणि दार लोटून घेतलं. नंतर जगदीशभाऊंना जाणवलं की ते दार त्यांच्या अब्रूसाठी लोटलं होतं.

"भाऊ, तुमच्या कमरेचं ऑपरेशन झालं होतं ना? तुम्ही तीन महिने धुळ्याला मेहुण्यांकडे होता."

"हो. दोन हजार अठरा."

"त्या तीन महिन्यांत ठेकेदाराने सदतीस माणसं परस्पर पाठवली. मुलाखत नाही, काही नाही. गेटवर नाव लिहिलं की आत. त्यातली दोन वर्षांनंतर बावीस टिकली होती. शंभरात एकोणसाठ."

"मग?"

"तुम्ही निवडलेल्यांतली दोन वर्षं टिकली, ती शंभरात साठ."

जगदीशभाऊंना आधी वाटलं, आपलं एकने जास्त आहे. मग त्या एकचा अर्थ हळूहळू त्यांच्या डोक्यात उतरला. बाहेर लूमचा खडखडाट चालूच होता. त्यांनी डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"आणि 'चलाख' शेरा मारलेले सगळ्यात लवकर सोडून गेले," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "भाऊ, मी तुम्हाला खाली दाखवायला हे करत नाहीये. सगळ्यांचं असंच असतं. माझंही असेल. फक्त मी अजून मोजलेलं नाही."

घरी जाताना मेहरूण तलावाच्या कडेला त्यांनी गाडी थांबवली. वडिलांची आठवण येत होती. वडील पोत्याला हात लावून आकडा सांगायचे आणि दुसऱ्याच क्षणी पोतं काट्यावर चढायचं. चुकलं तर बाजारभर हसू व्हायचं, आणि पुढच्या वेळी हात सुधारायचा. हजारो वेळा असं झालं म्हणून तो हात तयार झाला होता. रक्तातबिक्तातून काही आलेलं नव्हतं. आपल्या अंदाजाला मात्र काटाच नव्हता. आपण आकडा सांगत गेलो, लोक मान डोलवत गेले, आणि पोतं कुणी उचलून काट्यावर ठेवलंच नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला कान लाल झाल्याचं आतून कळलं.

पण खरी गोष्ट पुढेच होती.

दोन-तीन दिवसांनी ज्योत्स्नाबाईंनी सहज विचारलं, "भाऊ, हे झालं घेतलेल्यांचं. नाही म्हटलेल्यांचं काय झालं असेल?"

"त्यांचं मला काय माहीत?"

"तेच म्हणते मी. आपण घेतलेला माणूस वाईट निघाला तर निदान दिसतो. नाकारलेला चांगला निघाला तर तो आपली चूक दाखवायला परत थोडाच येतो? म्हणून आपल्याला आयुष्यभर वाटत राहतं की आपलं बरोबर होतं."

त्या रात्री जेवण झाल्यावर जगदीशभाऊ नाकारलेल्यांची कार्डं घेऊन बसले. नावं वाचून चेहरे आठवत नव्हते. मग दोन हजार पंधराच्या गठ्ठ्यात एक कार्ड हाताला लागलं, आणि चेहराच काय, त्या माणसाच्या शर्टाचा रंगसुद्धा आठवला. 'पुन्या पावरा. ता. चोपडा. जिनिंगमध्ये मशीनवर काम केले म्हणतो. नजर खाली. उत्तर उशिरा. विश्वासू वाटत नाही.'

सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस होता. निळा शर्ट, कॉलरचं बटण गळ्यापर्यंत लावलेलं. "काय येतं?" विचारलं तर बराच वेळ पायांकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, "मशीन, साहेब." जगदीशभाऊ म्हणाले होते, "नजर वर करून बोल. चोरासारखा खाली काय बघतोस?" त्याने क्षणभर वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. सातपुड्याच्या पायथ्याच्या वस्तीत मोठ्या माणसापुढे डोळे खाली ठेवतात, त्याला मान देणं म्हणतात, हे जगदीशभाऊंना तेव्हा माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं असंही वाटलं नव्हतं.

तेवढ्यावर थांबलं असतं तरी बरं होतं. त्याच संध्याकाळी वॉचमन भिकनचा मोबाइल सापडेना. गेटवर गोंधळ झाला. जगदीशभाऊ बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "सकाळी तो खाली बघणारा आला होता ना? मी तेव्हाच ओळखलं होतं." आपली नजर इतक्या लवकर खरी ठरल्याचा त्यांना आनंद झाला होता. हो, आनंदच. त्या भरात त्यांनी शेजारच्या दोन कारखान्यांतल्या ओळखीच्या माणसांना फोन केले. "पुन्या पावरा नावाचा कुणी आला तर आत घेऊ नका. हाताचा चांगला नाही तो." उचलली जीभ, लावली टाळ्याला.

तिसऱ्या दिवशी भिकन खाली मान घालून आला. मोबाइल त्याच्याच डब्याच्या पिशवीत, तळाच्या फडक्याखाली सापडला होता. जगदीशभाऊ म्हणाले, "बरं झालं." बस. दोन फोन उलटे करायला पाच मिनिटं लागली असती. पण मग आपला शब्द आपणच गिळायचा? त्यांनी स्वतःला सांगितलं, की तो माणूस एव्हाना कुठेतरी लागलाही असेल. पुढे ते विसरले. खरं म्हणजे विसरले नव्हते, फक्त आठवत नव्हते.

पुष्पाबाई पाण्याचा तांब्या ठेवायला आल्या, तेव्हा ते कार्ड हातात धरून बसले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काही नाही," जगदीशभाऊ म्हणाले. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोपासून तोंड फिरवायची ती पहिलीच वेळ नसेल, पण त्यांना ती पहिल्यासारखी वाटली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या दोन ओळखीच्यांचा शोध घेतला. एक वारला होता. दुसरा, पंडित नावाचा, निवृत्त होऊन पोराकडे राहत होता. त्याला फोन लावला. "पुन्या? कोण पुन्या?" पंडित म्हणाला. "अरे, नऊ वर्षं झाली! तू बोललास, मी गेटवर सांगितलं असेल. मला आता काय आठवणार?" आणि तो गुडघ्याच्या दुखण्याबद्दल बोलू लागला. ज्या फोनने आपल्याला रात्रभर झोप नाही, तो ज्याला केला त्याच्या गावीही नव्हता. जगदीशभाऊंनी फोन ठेवला आणि सुट्टीचा अर्ज लिहिला.

एप्रिल लागला होता. चोपड्याच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले. तापी ओलांडली, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागल्या. चोपड्याला उतरून काळीपिवळीत बसले, आणि कार्डावरच्या गावाचं नाव सांगत सांगत, शेवटचे दोन किलोमीटर पायी चालत पाड्यावर पोचले. अंगणात एक म्हातारी मोहाची फुलं वाळत घालत होती.

"कोन शे?" तिने डोळ्यांवर हात धरून विचारलं.

"पुन्याभाऊंचं घर हेच का?"

ती म्हातारी म्हणजे दगडीबाई, पुन्याची आई. तिने या इस्त्रीच्या शर्टाकडे नीट बघितलं आणि एकदम सावध झाली. "कसाले उनात भाऊ? त्याने काही केलं का?"

हा पहिला प्रश्न होता. शहरातला माणूस आपल्या पोराला शोधत आला, म्हणजे पोराने काहीतरी केलं असणार. "नाही हो आजी. काही नाही केलं त्यांनी."

पुन्या शेजारच्या पाड्यावर मोटर दुरुस्त करायला गेला होता. त्याला बोलावणं गेलं. शेजाऱ्याकडून प्लास्टिकची खुर्ची आली. पुन्याची बायको सुंदरबाई पाणी घेऊन आली, आणि तिच्यामागून दहा-अकरा वर्षांची मुलगी, रोशनी. मुलगी समोर उभी राहिली आणि सरळ जगदीशभाऊंच्या डोळ्यांत बघू लागली. पापणीही हलवेना.

"ए, खाले देख," आजी तिला दटावून म्हणाली. मग पाहुण्याला सांगू लागली, की पोरीच्या बापानेच हे वेड लावलंय. शहरात कुणी साहेब त्याला बोलला होता म्हणे, नजर वर कर म्हणून. तेव्हापासून पोरीला बसवून शिकवतो, बोलताना डोळ्यांत बघ, नाहीतर लोक तुला चोर समजतील. सगळा पाडा पोरीला उद्धट म्हणतो.

जगदीशभाऊंनी मान खाली घातली. पाण्याचा गिलास हातात तसाच राहिला.

पुन्या आला. अंग भरलं होतं, कानशिलाजवळ केस पिकले होते. त्याने लगेच ओळखलं. "साहेब! तुम्ही?" त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला खरंच बरं वाटलं होतं, आणि ते सोसायला सगळ्यात कठीण होतं. त्याने चहा टाकायला सांगितलं. आपण काय काय केलं ते सांगितलं. जळगावला त्या आठवड्यात आणखी दोन ठिकाणी प्रयत्न केला, जमलं नाही. मग पाच वर्षं सुरतेकडे काम केलं. आता पाण्याच्या मोटरी, गिरण्या, कडबाकुट्टी, जे बिघडेल ते दुरुस्त करतो.

"मला बोलता येत नाही ना, साहेब," तो म्हणाला. "म्हणून जळगावचं राहिलं."

जगदीशभाऊ जे ठरवून आले होते ते जिभेच्या टोकापर्यंत आलं. तोंडातून निघालं भलतंच. "आमच्याकडे फिटरची जागा अजून रिकामी आहे. तुमचा विचार करावा म्हणून आलो."

पुन्याने दोन्ही हात जोडले. दगडीबाईने घरात जाऊन मूठभर शेंगदाणे आणून पाहुण्याच्या पुढ्यात ठेवले.

परतीच्या बसमध्ये जगदीशभाऊंना स्वतःची किळस आली. माफी मागायला गेलो आणि उपकार करून आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ज्योत्स्नाबाईंना गाठलं. "मॅडम, फिटरच्या एका जागेसाठी एक माणूस आहे. चाचणीबिचणी नको. माझ्या शब्दावर घ्या."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "का?"

का, ते सांगताना अर्धा तास लागला. मध्ये दोनदा थांबावं लागलं. भिकनचा मोबाइल कुठे सापडला ते सांगताना त्यांचा आवाज इतका खाली गेला की बाईंना पुढे वाकावं लागलं. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "भाऊ, मी त्यांना असंच घेतलं तर ती त्यांची निवड होणार नाही, तुमचं प्रायश्चित्त होईल. त्याचं ओझं त्यांनी का वाहायचं? उद्या नवलदादा म्हणतील, हा भाऊंच्या वशिल्याचा. पुन्हा तुमच्याच शब्दावर त्यांचं ठरणार."

जगदीशभाऊंनी खिशातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"आणि एक सांगू? माणूस घेणं, न घेणं, हे नंतर बदलता येतं. चुकलं तर दुसऱ्याला घेता येतं. पण कुणाचं नाव खराब करणं परत घेता येत नाही, किंवा फार कष्टाने घेता येतं. असा निर्णय घाईत घ्यायचा नसतो. घेतलात, तर तो तुम्हालाच उलटा करायला हवा. चाचणीचं मी बघते. ते दुसरं काम तुमचं आहे."

चाचणीला सहाजण आले. नवलने एका लूममध्ये मुद्दाम तीन बिघाड करून ठेवले होते. पुन्याने मशीन चालू करायला सांगितली, कान देऊन उभा राहिला, बंद करायला सांगितली. तिन्ही बिघाड काढले, पण वेळ जास्त घेतला. एक धुळ्याचा आयटीआय झालेला त्याच्यापेक्षा भरभर काम करून गेला. तिघांचे कागद उघडले तेव्हा तो पहिला होता आणि पुन्या दुसरा. जागा दोन होत्या. जगदीशभाऊंनी आपल्या कागदावर पुन्याला किती गुण द्यावे हे न सुचून तो रकाना कोराच ठेवला होता.

निकाल सांगून झाल्यावर पुन्या कँटीनच्या बाकावर चहा घेत होता. जगदीशभाऊ त्याच्यासमोर जाऊन बसले. आता जागा मिळाली होती, आता सांगणं सोपं होतं, आणि ते सोपं होतं याचीच त्यांना लाज वाटली. तरी त्यांनी सांगितलं. मोबाइल, दोन फोन, तिसरा दिवस. काही गाळलं नाही.

पुन्याने चहाचा कप खाली ठेवला.

"दोन फोन?" त्याने विचारलं.

"दोन."

"एका ठिकाणी मला सोमवारी ये म्हणाले होते. सोमवारी गेटवर माझी पिशवी उपडी केली. भाकरी रस्त्यावर पडली. भाऊ होता बरोबर माझा, सुकलाल. त्याने गावात सांगितलं, पुन्याची झडती घेतली म्हणून. सांगणारच. लहान होता तो." त्याने कप बाजूला सरकवला. "मी म्हणायचो, दुसऱ्या कुणाचं नाव असेल, चुकून मला पकडलं. घरात कुणाला पटलं नाही. आईलासुद्धा नाही, साहेब. तिने मला सप्तशृंगीची शपथ घ्यायला लावली."

"पुन्याभाऊ, मी…"

"मला सांगून काय होणार? मला तर माहीतच होतं मी चोरी केली नाही ते. माझ्या घरी येऊन सांगा."

जगदीशभाऊ पुन्हा त्या पाड्यावर गेले. या वेळी खुर्ची आली तरी ते तिच्यावर बसले नाहीत. दगडीबाई, सुंदरबाई, सुकलाल, सगळे अंगणात होते. त्यांनी उभ्यानेच सांगितलं. दगडीबाईला पहिल्यांदा नीट कळलं नाही, सुकलालने तिच्या कानाशी पुन्हा सांगितलं. म्हातारी पुन्याकडे बघू लागली, आणि मग पदर तोंडावर घेऊन आत निघून गेली. ती पाहुण्यावर रागावली नव्हती. स्वतःच्या लेकाला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती. ते बघून जगदीशभाऊंना कळलं, की आपली लाज आपल्यापाशी थांबलेली नाही, ती या घरात नऊ वर्षं कुणाकुणाच्या वाट्याला गेली आहे.

सुंदरबाई तिथेच उभी होती. तिचा आवाज शांत होता. "हापशीवर बाया काय बोलायच्या माहीत आहे का तुम्हाला? चोराची बायको आली, हंडा सांभाळा. माले सांगीसन काय फायदा? बठ्ठा गावले सांगा."

"सुंदर," पुन्या हळूच म्हणाला.

"नाही. सांगू दे."

मग सगळ्या गावाला सांगायला ते किराणा दुकानाच्या ओट्यापाशी गेले. दहा-बाराजण जमले, हापशीवरच्या चार-पाच बाया कडेला येऊन उभ्या राहिल्या. जगदीशभाऊंनी कारखान्यात किती भाषणं दिली होती. इथे त्यांना पहिलं वाक्य सापडेना. शेवटी ते म्हणाले, "पुन्या पावराने कधीच चोरी केली नाही. चोर म्हणून त्याचं नाव मी दिलं होतं. खोटं होतं. खोटं आहे हे मला तिसऱ्या दिवशी कळलं, तरी मी गप्प बसलो."

"मी व्हतू तठे," सुकलाल मागून म्हणाला. "मन्हा डोयासमोर भाकर सांडी." तो रडत होता.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी शिव्याही दिल्या नाहीत. ओट्यावरचा एक म्हातारा विडी विझवत म्हणाला, "मंग आते काय?"

जगदीशभाऊ तसेच उभे राहिले. थोड्या वेळाने लोक आपापल्या कामाला गेले.

पुन्या त्या महिन्यापासून कामावर यायला लागला. मेहरूणमध्येच एक खोली भाड्याने घेतली. मास्टर नवल त्याच्यावर खूश आहे. बिघाड सांगायला त्याला अजूनही वेळ लागतो, पण त्याने सांगितलेलं सहसा बदलावं लागत नाही. रोशनीचं नाव जूनमध्ये तिथल्या शाळेत घातलं.

ज्योत्स्नाबाईंनी मुलाखतीच्या कागदावर एक नवीन रकाना काढायला लावला. नाकारलं तर का, आणि ते कारण कामाशी कसं जोडलेलं आहे. पहिल्यांदा तो भरायची पाळी जगदीशभाऊंवर आली. ते बराच वेळ पेन धरून बसले. शेवटी 'नजर' हा शब्द लिहून त्यांनी स्वतःच खोडला, आणि त्या मुलाला पुन्हा आत बोलावून लूमवर नेलं.

गल्लीत स्थळं बघायच्या चहापाण्याला जाणं त्यांनी बंद केलं. कारण विचारणाऱ्यांना प्रकृतीचं निमित्त सांगितलं. खरं कारण फक्त पुष्पाबाईंना सांगितलं, तेही सगळं नाही, तुकड्यातुकड्यांनी, भाजी निवडताना. पुष्पाबाई शेवटी एवढंच म्हणाल्या, "तेव्हाच फोन करायचा होतात हो."

रोज सकाळी गेटवर पुन्या आणि ते समोरासमोर येतात. पुन्या "नमस्कार साहेब" म्हणतो. जगदीशभाऊ "नमस्कार" म्हणतात. एकदा त्यांनी त्याला कँटीनमध्ये चहाला बोलावलं. पुन्या म्हणाला, "झालाय, साहेब," आणि लूमकडे निघून गेला. त्याच्या हातात डबा होता, सकाळचे आठ वाजले होते, आणि चहा झाला नसणार हे दोघांनाही माहीत होतं. जगदीशभाऊंनी पुन्हा विचारलं नाही. तेवढा हक्क त्याचा आहे, असं त्यांना वाटतं.